अकराव्या मिनिटाची रेघ

डोंगराकडच्या गावांत आधी कुत्री मेली. एका आठवड्यात सतरा. लोकांनी ते फारसं मनावर घेतलं नाही, कुत्र्यांची साथ असेल म्हणाले. मग माणसांचे डोळे पिवळे पडायला लागले, पोटं फुगली आणि महिनाभरात नऊ जण गेले. तेव्हा एका नर्सच्या लक्षात आलं की त्या घरांतली माणसं आणि दारातली कुत्री एकच गोष्ट खात होती, मक्याच्या पिठाची पेज.

मका कापणीनंतर पावसात सापडला होता आणि ओला असतानाच पोत्यांत भरला गेला होता. दाण्यांवर बुरशी धरली आणि बुरशीनं दाण्यांत विष सोडलं. त्या विषाला चव नाही, वास नाही. शिजवून मरत नाही, भाजून जात नाही. पोती सरकारी माणसांनी उचलून नेली, दुसरं धान्य वाटलं. पण कुणाच्या अंगात किती विष गेलंय हे कळायला हवं होतं. म्हणून एकशेवीस माणसांच्या लघवीच्या बाटल्या बर्फाच्या पेट्यांतून लॅबमध्ये आल्या आणि धाकटीच्या टेबलावर रांगेनं बसल्या.

धाकटी ही त्या लॅबमधली केमिस्ट. नोकरीला लागली तेव्हा सगळ्यांत लहान होती म्हणून हे नाव पडलं. त्यानंतर तिच्याहून लहान चार जण आले, पण नाव काही त्यांच्याकडे गेलं नाही. घरीही ती धाकटीच, कारण वर एक बहीण होती, दूरदेशी दिलेली. त्यामुळे चौतीस वर्षांची, एका मुलीची आई झालेली ही बाई दोन्हीकडे धाकटीच राहिली. कामात मात्र तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. काचेची नळी तीनदा धुवायची, उजेडात धरून बघायची आणि चौथ्यांदा धुवायची, असा तिचा खाक्या.

मशीन सुरू करताना त्याला आधी एक कोरा नमुना दाखवावा लागतो, ज्यात हे विष मुळीच नाही असा. त्याची रेघ सपाट आली की मग खरं काम.

"कुणाचा घ्यायचा?" लॅबच्या प्रमुखांनी विचारलं. त्यांना सगळे मोठ्या बाई म्हणत.

"माझाच घ्या की," धाकटी म्हणाली. "डबा घरचा, बाहेरचं काही खात नाही. माझ्याइतकं कोरं कोण असणार?"

"तू कोरी आहेस हे आम्हाला कधीपासूनच माहीत आहे," शेजारच्या टेबलावरचा चष्मेवाला म्हणाला आणि सगळे हसले. धाकटीही हसली.

या कामातली एक गोष्ट तिला इतक्या वर्षांनंतरही नवलाची वाटायची. करंगळीएवढी एक नळी असते, तिच्या तळाशी पांढरट चिकासारखा थर. त्या थरात असे काही रेणू बसवलेले असतात की ते फक्त या एका विषाला धरतात. वरून लघवी ओतायची. त्यात मीठ असतं, साखर असते, औषधं असतात, हजारो प्रकारचे पदार्थ असतात. सगळे खाली निघून जातात. हे विष तेवढं थरात अडकून राहतं, गर्दीत एखाद्या आईनं आपलं पोर बरोबर मनगटाला धरून ओढावं तसं. मग त्याला धुऊन बाहेर काढायचं आणि मशीनमध्ये सोडायचं. पडद्यावर एक रेघ डावीकडून उजवीकडे सरकत जाते. विष असेल तर अकराव्या मिनिटाला रेघ उठते, डोंगरासारखी. जेवढं विष तेवढा डोंगर.

धाकटीचा नमुना आत गेला. दहा मिनिटं रेघ सपाट होती. अकराव्या मिनिटाला ती उठली.

डोंगर नव्हता, टेकाड होतं. पण नाकारता येण्यासारखं नव्हतं.

"नळी खराब असणार," धाकटी म्हणाली. तिनं नवीन नळी घेतली, नवीन बाटली, नवीन पाणी. पुन्हा तेच. मग मोठ्या बाईंनी आपला नमुना दिला. रेघ सपाट. चष्मेवाल्याचा दिला. तोही सपाट. तिसऱ्यांदा धाकटीचा घातला आणि तिघं पडद्यासमोर उभे राहिले. नऊ, दहा, अकरा. रेघ उठली.

चष्मेवाल्याला या वेळी विनोद सुचला नाही.

"परवा-तेरवा काय खाल्लंस?" मोठ्या बाईंनी विचारलं.

"मका मी खातच नाही, बाई. आमच्या घरी भात असतो, ब्रेड असतो..." आणि ती बोलता बोलता थांबली. मका ती खात होती. रोज खात होती. चमचा-दोन चमचे, चिमणीच्या वाटीत उरलेले.

चिमणी म्हणजे तिची चौदा महिन्यांची मुलगी. अंगावरचं दूध कमी केल्यापासून तिला सकाळ-संध्याकाळ मक्याच्या पिठाची पातळ पेज चालू होती आणि ते पीठ यायचं धाकटीच्या आईकडून, पाच किलोच्या डब्यातून, दर दोन महिन्यांनी. बाजारातलं पीठ आईला चालायचं नाही. "त्यात काय काय दळलेलं असतं देवाला ठाऊक," ती म्हणायची.

त्या दिवशी धाकटी दुपारीच घरी गेली. नवरा फ्रीज दुरुस्तीची कामं करायचा, नेमका जेवायला आलेला होता आणि चिमणीला मांडीवर घेऊन भरवत होता. धाकटीनं त्याच्या हातातून वाटी काढून घेतली.

"अगं, अर्धी राहिलीय अजून!"

"देऊ नकोस. हे पीठ आता द्यायचं नाही."

तिनं सांगितलं तसा त्याचा चेहरा उतरला. तो वाटीकडे बघत राहिला. पिवळी, गुळगुळीत, वाफ निघणारी पेज, वास तर असा की कुणालाही भूक लागावी. "यात?" तो म्हणाला. "अगं, पण ही तर चांगली दिसतेय."

"दिसणारच. तेच तर आहे."

मग चिमणीचा नमुना घ्यायची खटपट झाली. तान्ह्या मुलांसाठी चिकटवायची पिशवी असते, ती चिमणीनं दोनदा ओढून काढली, तिसऱ्यांदा बापाच्या शर्टावरच कार्यक्रम उरकला. चौथ्यांदा जमलं. डब्यातलं मूठभर पीठही धाकटीनं सोबत घेतलं.

पिठात अडतीस निघाले. अडतीस म्हणजे एक अब्ज भागांत अडतीस भाग. धाकटी रोज हे आकडे लिहायची, पण त्या दिवशी तिनं पहिल्यांदा मनात ते उभे करून पाहिले. एक अब्ज दाणे ओतले तर लॅबची इमारत गच्चीपर्यंत भरली असती आणि त्यात अडतीस दाणे विषाचे. एवढंसं काहीतरी माणसाच्या पोटात जातं, यकृत त्याला ओळखतं, त्याचं रूप थोडं पालटतं आणि लघवीवाटे बाहेर टाकतं आणि एक मशीन ते बघू शकतं. तिला भीती वाटत होतीच, पण भीतीच्या खाली दुसरंही काहीतरी होतं, एखाद्या प्रचंड दरीच्या काठावर उभं राहिल्यावर वाटतं तसं. फक्त ही दरी आतल्या बाजूला, सूक्ष्माकडे, उघडत गेलेली होती. मोठ्यांच्या खाण्यात वीसपर्यंत चालतं असं लॅबच्या यादीत लिहिलेलं होतं. तान्ह्यांसाठी जवळजवळ शून्य.

चिमणीची रेघ धाकटीच्या रेघेच्या तिप्पट उंच आली.

मुलांच्या डॉक्टरांनी चिमणीला तपासलं, पोट दाबून पाहिलं, रक्त घेतलं. यकृत ठीक होतं. दोन महिन्यांत वजन वाढलं नव्हतं, ते या पिठामुळे की दात येताहेत म्हणून, हे मात्र त्यांना सांगता येईना. "पीठ बंद करा, दुसरं सगळं खाऊ द्या," ते म्हणाले. "वेळेत कळलं हे चांगलं झालं. अशा गोष्टी वर्षानुवर्षं कळत नाहीत." धाकटीनं बहिणीलाही फोन करून आईकडून आलेला डबा बाजूला ठेवायला सांगितलं.

राहिलं एक काम आणि ते सगळ्यांत अवघड होतं. आईला सांगणं.

आईची गोष्ट अशी की ती साधी मका निवडणारी नव्हती. बत्तीस वर्षं तिनं बियाण्याच्या गोदामात निवडणीच्या टेबलावर काढली होती. लांबलचक टेबल, दोन्ही बाजूंना बायका, मध्ये दाण्यांची रास. किडका, फुटका, डागाळलेला दाणा बाजूला, चांगला पुढे. त्या टेबलाच्या डोक्याशी आईची जागा होती. मालक नवीन बायकांना सांगायचा, हिच्याकडे बघून शिका. आई बोलत असायची, हसत असायची, कुणाची तरी खोडी काढत असायची आणि तिची बोटं आपलं काम करत राहायची. त्या बोटांवर दोन मुली शिकल्या. निवृत्त झाल्यावरही दर हंगामात ती ओळखीच्या शेतकऱ्याकडून दोन पोती मका घ्यायची, गच्चीवर वाळवायची, दाणा न् दाणा निवडायची, गिरणीतून दळून आणायची आणि मुलींना पाठवायची.

रविवारी धाकटी एकटीच बसनं आईच्या गावी गेली. पिशवीत लॅबमधला एक हातदिवा होता, मोठ्या बाईंना विचारून आणलेला. या दिव्याचा जांभळा उजेड दाण्यांवर पडला की बुरशी लागलेल्या दाण्यांतले बरेचसे चमकतात.

आई दारातच उभी होती. "चिमणीला का नाही आणलंस? बरी आहे ना? पीठ संपलं असेल, मी नवीन डबा भरून ठेवलाय बघ."

धाकटीनं ठरवलं होतं की आधी चहा घ्यायचा, मग हळूच विषय काढायचा. तिनं चपलाही काढल्या नव्हत्या, तोवर तिला रडू फुटलं आणि जे सांगायचं ते सगळं दारातच सांगून झालं.

आईनं ऐकून घेतलं. नंतर ती आत जाऊन खुर्चीवर बसली.

"माझ्या डब्यातलं?"

"हो गं."

"मी निवडलेलं?"

धाकटीनं मान डोलावली.

"गिरणीत मिसळलं असेल. तो गिरणीवाला एकाचं दुसऱ्यात करतो."

"असेलही. पण मला कोठीतला मका बघायचाय, आई."

"बघ ना. मी काय लपवून ठेवलाय?" आई ताडकन उठली. कोठीच्या खोलीतून तिनं परात भरून मका आणला, खिडकीजवळच्या टेबलावर ओतला आणि समोर बसून निवडायला लागली. जणू लेकीनं तिच्यावर आळ घेतला होता आणि ती तिथल्या तिथे पुरावा देत होती.

धाकटी समोर बसून बघत राहिली. हेच हात ती लहानपणापासून बघत आली होती. बोटं पूर्वीसारखीच चालत होती, दाणे डावीकडून उजवीकडे सरकत होते, खट खट खट. पण आई दाण्यांकडे बघत नव्हती. ती खिडकीकडे बघत होती. उजव्या बाजूच्या चांगल्या दाण्यांत एक करडा दाणा गेला. मग एक फुटका, आत काळपट झालेला. मग आणखी एक.

धाकटीनं तो काळपट दाणा उचलला आणि आईच्या तळहातावर ठेवला.

"हा कसा आहे गं?"

आईनं हात खिडकीपाशी नेला. डोळ्यांजवळ आणला. मग लांब धरला. बाहेर रस्त्यावरून एक सायकल घंटी वाजवत गेली.

"चांगला आहे," आई म्हणाली, आणि लगेच, लेकीचा चेहरा न बघताच, "नाही का?"

"आई, तुला दिसत नाही?"

आईचा तळहात तसाच उघडा होता.

"दोन वर्षं झाली," शेवटी ती म्हणाली. "सगळं दुधातून बघितल्यासारखं दिसतं. माणसं कळतात, रस्ता कळतो. दाणा कळत नाही."

"अगं, मग सांगायचं नाही?"

"काय सांगू? मी निवडणारी बाई आहे, मला दाणा दिसत नाही असं सांगू? कुणाला? तुम्ही दोघी लांब. तुम्हाला पाठवायला माझ्याकडे दुसरं आहे काय? एवढा एक डबा." तिनं तळहातावरचा दाणा टेबलावर ठेवला. "मला वाटलं, बोटांना सवय आहे, बोटं करतील. आणि मी पोरीला... त्या एवढ्याशा पोरीला..."

धाकटी उठून तिच्याजवळ गेली आणि दोघी मायलेकी खुर्चीच्या हाताला टेकून रडल्या. धाकटीच्या मनात राहून राहून येत होतं की या बाईनं दोन वर्षं कुणाला पत्ता लागू दिला नाही. शेजाऱ्यांना नाही, डॉक्टरला नाही, पोटच्या मुलींना नाही. आणि ते कळलं कशानं, तर अब्जात अडतीस भागांनी.

तोंड धुऊन झाल्यावर आई म्हणाली, "पिशवीत काय आणलंयस ते जड?"

धाकटीनं दिवा दाखवला. मग दोघींनी खिडकीवर चादर लावली, दाराच्या फटीत पायपुसणं सरकवलं. बुरशीची धूळ नाकात जाऊ नये म्हणून तोंडाला फडकी बांधली. टेबलावर काळं कापड अंथरून त्यावर मका एकेरी पसरला. खोली अंधारली. धाकटीनं बटण दाबलं.

आधी नुसता जांभळा धूसर उजेड. दाणे जणू पाण्याखाली गेल्यासारखे. मग डोळे सरावले आणि त्या जांभळ्या अंधारात ठिकठिकाणी हिरवट पिवळे ठिपके पेटले. शंभरात एखादा, कुठे दोन एकमेकांना लागून. दिवा सरकवला की मागचे विझत होते, पुढचे उजळत होते. लॅबमध्ये धाकटीनं हे कितीतरी वेळा पाहिलेलं होतं, तरी आईच्या घरात, आईच्या टेबलावर ते बघताना तिच्या हातातला दिवा एका जागीच राहिला. इतकं सुंदर दिसायला नको होतं ते.

"अगं बाई!" आई म्हणाली. "हे मला दिसतंय."

"काय?"

"हे हिरवे. हा बघ, हा, आणि हा तिकडे." आईचं बोट एकेका ठिपक्यावर अचूक टेकत होतं. दिवसाच्या उजेडात पिवळ्यातला करडा तिला कळत नव्हता, पण काळोखात पेटलेला ठिपका तिच्या डोळ्यांवरच्या दुधातूनही पार होत होता. "हे काय आहे गं? काजवे असल्यासारखे!"

"बुरशीची खूण आहे, आई. ती दाण्यात शिरते तेव्हा मागे हे ठेवून जाते."

"आणि एरवी दिसत नाही?"

"एरवी नाही."

"म्हणजे मला दिसत होतं तेव्हाही मी हे बघितलेलं नाही," आई हळूच म्हणाली. "बत्तीस वर्षं माझ्या हाताखालून जात होतं आणि मला माहीत नव्हतं."

तिनं एकेक चमकता दाणा उचलून वाटीत टाकायला सुरुवात केली. दहा-बारा झाल्यावर ती थबकली. वाटीतले दाणे तिनं मुठीत घेतले, हलवले. मग दुसऱ्या मुठीत तेवढेच चांगले दाणे घेतले.

"हलके आहेत हे," ती म्हणाली. "आतून खाल्लेले. आणि सालीला चकाकी नाही, बोटाला खरखर लागते. दिवा बंद कर."

"का गं?"

"कर तर."

चादर काढली. आईनं डोळे सरळ मिटूनच घेतले आणि नवी मूठ टेबलावर पसरली. या वेळी बोटं सरसर चालली नाहीत. प्रत्येक दाण्यावर क्षणभर थांबत होती, अंगठ्यानं घासत होती, उचलून वजन बघत होती. दोन वर्षं तिनं जुन्या वेगानं निवडायचा हट्ट धरला होता, कुणाला कळू नये म्हणून. आज लपवायचं काही उरलं नव्हतं, म्हणून तिला हळू जाता आलं. धाकटी बघत होती. आईनं बाजूला काढलेल्या दाण्यांत दिव्याखाली चमकलेले नव्हते असेही दाणे होते, वरून धडधाकट दिसणारे. धाकटीनं त्यातला एक नखानं फोडला. आत करडी भुकटी होती.

दिवसभर त्या दोघी बसल्या. धाकटीनं दोन पिशव्या भरून घेतल्या, एका पिशवीत आईनं निवडलेले चांगले दाणे, दुसऱ्यात काढून टाकलेले. चांगले तीन किलो, वाईट जेमतेम वाटीभर.

निघताना आईनं विचारलं, "तुझं मशीन माझ्या बोटांचीही परीक्षा घेणार ना?"

"घेणार."

"घेऊ दे. मला खरं ते सांग. उगाच माझं मन राखू नकोस."

सोमवारी धाकटीनं दोन्ही पिशव्या दळल्या आणि तपासल्या. चांगल्या दाण्यांचा आकडा दोनच्याही खाली आला. वाटीभर दाण्यांचा आकडा पडद्यावर मावेना. नमुना शंभरपट पातळ करून पुन्हा घालावा लागला. मग मोठ्या बाईंच्या सांगण्यावरून तिनं शिल्लक ठेवलेल्या चमकणाऱ्या दाण्यांतला एकच दाणा वेगळा दळून बघितला. त्या एका दाण्यात एवढं विष होतं की तो पाच किलो स्वच्छ पिठात पडला असता तर सगळा डबा टाकून द्यावा लागला असता.

मोठ्या बाईंनी चष्मा काढून डोळे पुसले. "मी तीस वर्षं हे शिकवतेय," त्या म्हणाल्या, "की विष सगळ्या पोत्यात सारखं नसतं, थोड्याच दाण्यांत असतं. पुस्तकात आहे ते. पण माणसाच्या बोटांना ते इतकं कळतं हे मी आज बघितलं. तुझ्या आईंना मला भेटायचंय."

"तिला आधी डोळ्यांच्या डॉक्टरांना भेटू दे," धाकटी म्हणाली.

चिमणीचा नमुना आठवड्यानं पुन्हा घेतला. अकरावं मिनिट आलं आणि गेलं, रेघ सपाट. धाकटी पडद्याला हात लावून उभी राहिली. एवढंसं शरीर, अजून नीट चालताही येत नव्हतं, आणि कुणी न सांगता त्यानं आत शिरलेलं वेचून वेचून बाहेर काढून टाकलं होतं. तरी तिला हेही ठाऊक होतं की जे काढलं गेलं तेच मशीनला दिसतं, आत काय करून गेलं ते नाही. डॉक्टरांनी दर सहा महिन्यांनी दाखवायला सांगितलं होतं, ते ती विसरणार नव्हती. चिमणीचं वजन पुढच्या महिन्यात वाढलं. मग लगेच सर्दी होऊन तेवढंच कमी झालं. मग परत वाढलं.

आईच्या दोन्ही डोळ्यांतले मोतीबिंदू काढले, महिन्याच्या अंतरानं. पहिली पट्टी सुटली तेव्हा ती आधी खिडकीकडे बघेल, लेकीकडे बघेल असं सगळ्यांना वाटलं होतं. तिनं स्वतःचे हात समोर धरले, उलटेसुलटे करून पाहिले आणि म्हणाली, "केवढे म्हातारे झाले हे!"

डोंगराकडच्या गावांत नवीन मका आला तेव्हा मोठ्या बाईंनी एक गाडी ठरवली. तिच्यात धाकटी होती, चार जांभळे दिवे होते आणि पुढच्या सीटवर आई होती. आई सगळा रस्ताभर प्रत्येक झाडाचं नाव सांगत होती, प्रत्येक पाटी वाचून दाखवत होती. शेवटी ड्रायव्हर म्हणाला, "आजी, मला येतं वाचता."

शाळेच्या खोलीत बायका जमल्या होत्या, पन्नास-साठ तरी. बाक जोडून लांब टेबल केलं होतं. मोठ्या बाईंनी आधी मका नीट वाळवायचा, जमिनीपासून उंच ठेवायचा हे सांगितलं, दिवा लावून दाखवला. ठिपके पेटले तशी खोलीभर कुजबुज उठली आणि एकदम थांबली. पडदे उघडले. मग आई पुढे झाली. दिवे चारच होते आणि ते परत जाणार होते. बोटं मात्र प्रत्येकीची आपली होती.

ती शिकवायला लागली. हा धरा, हा घासा, हा हलका लागतो का बघा, तोंडाला फडकं बांधा. घाई करायची नाही. तिच्या आवाजात गोदामातला जुना दरारा परत आला होता. "तू, हिरव्या ओढणीची, गप्पा मारायच्या तर मार, पण हात थांबवू नकोस."

टेबलाच्या टोकाला एक बाई नुसतीच बसली होती. तिचा नवरा त्या नऊ जणांत होता. तिच्या पुढ्यातल्या दाण्यांना तिनं हात लावला नव्हता. आई तिच्यापाशी गेली तेव्हा ती मान वर न करता म्हणाली, "त्यांची पेज मीच शिजवत होते. आजारी पडल्यावर तर जास्तच दिली. अंगात ताकद यावी म्हणून."

खोलीत सगळ्या ऐकत होत्या. मोठ्या बाई काहीतरी बोलणार होत्या, धाकटीनं त्यांच्या दंडाला हात लावला.

आई त्या बाईशेजारी बाकावर बसली.

"मी माझ्या नातीला दिलं," ती म्हणाली. सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात. "पाच किलोचा डबा भरून, झाकण घट्ट लावून. ती वाचली, तुमचे गेले. आपल्या दोघींत फरक एवढाच आहे. आपण दोघींनीही जीव लावूनच दिलं होतं."

त्या बाईनं पहिल्यांदा वर पाहिलं. मग आईनं एक दाणा उचलून तिच्या तळहातावर ठेवला आणि वाट बघितली. त्या बाईनं अंगठ्यानं तो घासला. एकदा, दोनदा. उचलून बघितला.

"हलका आहे," ती म्हणाली.

"मग टाक तिकडे," आई म्हणाली.

तीन महिन्यांनी डोंगराकडून पुन्हा एकशेबारा बाटल्या आल्या. आठ जण भेटले नाहीत. धाकटीनं नळ्या तीनदा धुतल्या, उजेडात धरल्या, चौथ्यांदा धुतल्या. कोऱ्या नमुन्यासाठी चष्मेवाला न सांगता पुढे आला. सगळं आटपायला चार दिवस लागले. एकवीस घरांतल्या माणसांची रेघ अजून उठत होती, काहींची पहिल्याइतकीच, आणि तिथे पुन्हा जावं लागणार होतं. बाकीच्यांची इतकी खाली आली होती की मोठ्या बाईंनी कागद दोनदा तपासले, मग खुर्ची ओढून पडद्यासमोर बसल्या आणि शेवटच्या नमुन्याची रेघ सरकताना बघत राहिल्या. धाकटी त्यांच्या मागे उभी राहिली. दहा, अकरा, बारा. डोंगराकडचं कुणीतरी एक माणूस, नाव नाही, नुसता बाटलीवरचा नंबर, त्या सपाट रेघेवरून शांतपणे पुढे निघून गेलं.